पोटखराबा आणि दीपकाडी

बंगळुरूच्या लालबागेत देशोदेशीची झाडे आहेत, पण मला तिथला उघडा खडक सर्वांत मोलाचा वाटतो. सुमारे 300 कोटी वर्षांचा हा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. ज्यावर काही पिकत नाही अशा दगडाचीही किंमत असते, हे इथे सरकारदप्तरी मान्य झाले. कोकणच्या कातळाच्या वाट्याला मात्र सातबाऱ्यावरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीस निरुपयोगी जमीन, हा शेरा आला. कोकण दीपकाडीचे दुखणे त्या शेऱ्यातच आहे.

ही कंदवर्गीय वनस्पती रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, उगवते. मे महिन्यात त्या सड्यावर अनवाणी पाऊल टेकवत नाही. पहिले पाऊस झाले की खळग्यांतल्या वीतभरही नसलेल्या मातीतून गवतासारखी अरुंद पाने वर येतात आणि सरळ दांड्यावर पांढरीशुभ्र फुले उमलतात. सहा पाकळ्या खाली जुळून नळी झालेली, बाहेरच्या पाकळ्यांची टोके मागे वळलेली. मग तीन कप्प्यांच्या बोंडात काळ्या चपट्या बिया धरतात, पाने वाळतात आणि कंद पुढच्या पावसाची वाट पाहत दडून राहतो. निकोल डालझेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1850 साली तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि तिच्या नावात कोकण गुंफले.

इतकी दुर्मीळ, तर बागेत वाढवा, असे कोणीही म्हणेल. वाढवावीच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांसारख्या प्रदेशनिष्ठ वनस्पती ज्या निष्ठेने जपल्या, त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋणी असायला हवे. अशा कंदाला पाण्याचा निचरा होणारी खडबडीत माती लागते, आणि पाने वाळली की पाणी तोडावे लागते, नाहीतर कंद कुजतो. हे जमण्यासारखे आहे. पण एकाच कंदाच्या पापुद्र्यांपासून प्रयोगशाळेत हजार रोपे केली तरी ती त्या एकाच झाडाची नक्कल. निरनिराळ्या सड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेले वेगळेपण त्यांत नसते. शिवाय सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद या तिच्या शेजारच्या वनस्पती, त्यांवर येणारे किडे, खळग्यात पंधरा दिवस टिकणारे पाणी हे सारे कुठल्या रोपवाटिकेत उभे करणार? बाग हा विमा आहे. विमा काढला म्हणून घर जाळायची मुभा मिळत नाही.

आणि हे घर उजाड होते आहे ते जांभ्याच्याच एका गुणामुळे. टिपूच्या पाडावानंतर 1800 साली फ्रान्सिस बुकॅनन कंपनी सरकारच्या हुकमाने बंगळुरूवरून मलबारपर्यंत गेला. तिथे त्याने जांभा पाहिला आणि त्याला लॅटेराइट हे नाव दिले. खाणीत असताना तो सहज कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो, हे त्याने नोंदवले. चिरेखाणीवर काम करणाऱ्याला हे कोणी शिकवायला नको. हाच गुण सड्याच्या मुळावर आला आहे. चिरा काढायचा तर आधी वरचा थर जातो, आणि दीपकाडीचे सगळे जग त्या थरावरच असते. दुसरीकडे सुरुंगाने खड्डे फोडून, बाहेरची माती भरून हापूसची कलमे लावली जातात. त्या बागायतदाराला मी दोष देणार नाही, त्याला पोट आहे. दोष आहे तो कातळाला रिकामा समजणाऱ्या नजरेचा.

ही नजर बदलू शकते. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. कातळावर माणसाने कोरलेले जपायचे ठरले, तर त्याच कातळात आपोआप उगवणारेही त्याच आराखड्यात यायला हवे.

सड्यांची बरीचशी मालकी खासगी आणि सामाईक आहे. सातबाऱ्यावरची कितीतरी नावे आज मुंबई, पुण्यात आणि इथे बंगळुरूतही राहतात. तुमचे नाव त्यांत असेल, तर खाणीच्या करारावर सही करण्याआधी एकदा जूनमध्ये आपला सडा पाहून या. कंद उपटून आणू नका. आणि भाऊबंदांशी बोलून त्यातला एक तुकडा तरी आहे तसा राहू द्या.