जमेची बाजू

शासकीय कार्यालयात तक्रारवही असते. समाधानाची वही आम्ही उभ्या सेवेत पाहिली नाही. मनाचे दप्तरही असेच. दर्पण कॉलनीत आम्ही निवृत्त मंडळी सायंकाळी जमतो, तेव्हा मुले दूर गेली, नातवंडांची मराठी सुटली, हीच नोंद रोज होते. ती खोटी नाही, अपुरी आहे.

एमन्स व मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या अभ्यासात, १० आठवडे कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपले आयुष्य कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानाचे वाटले.

आपलीही जमेची बाजू मोठी आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली. त्यामागून आलेल्या आपल्या पूर्वजांना या परमुलखाने भाकरी दिली, शंकरराव पंडितांसारख्यांना येथील खाँसाहेबांनी गाणे दिले.

कृतज्ञता म्हणजे दुःख झाकणे नव्हे. नळाला पाणी नसेल तर तक्रार करावीच. परंतु मनातल्या मनात मानलेले आभार म्हणजे मंजूर होऊनही वाटप न झालेली रक्कम. ते सुनेला, दूधवाल्याला शब्दांत पोहोचले पाहिजेत. आणि नातवाची मराठी सुटली म्हणून हळहळण्यापेक्षा दूरध्वनीवरून त्याला रोज एक गोष्ट सांगावी. नोंद बदलते ती अशी.