किल्ली टेबलावर

२०२४ च्या मार्चमध्ये रामटेकच्या उमेदवारांची नावं जाहीर झाली आणि हिंगण्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याला घराबाहेर पडणं जड जाऊ लागलं. २०१४ आणि २०१९ या दोन्ही लोकसभांना त्यानं शिवसेनेच्या धनुष्यबाणासाठी वस्त्या पालथ्या घातल्या होत्या. दोन्ही वेळा कृपाल तुमाने निवडून आले. मग जुलै २०२२ मध्ये शिवसेनेच्या महाराष्ट्रातल्या १८ लोकसभा खासदारांपैकी १२ जण एकनाथ शिंदे यांच्या बाजूला गेले. त्यांत तुमानेही होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि चिन्ह शिंदे गटाला दिलं. आता तुमान्यांच्या जागी उमेदवार होते राजू पारवे, जे काही दिवसांपूर्वीपर्यंत उमरेडचे काँग्रेसचे आमदार होते.

पहिल्याच गल्लीत एका म्हातारीनं त्याला दारात अडवलं. "मांगच्या टायमाले तू म्हणे, बाणाले मत दे आन् काँग्रेसवाल्याले पाड. आता बाणावर काँग्रेसवालाच आला. मंग पाडू कोणाले?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पत्रकांचा गठ्ठा काखेत तसाच धरून तो मोठेबाबांकडे गेला. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि एके काळी ते तिथल्या युनियनचे सेक्रेटरी होते.

"मोठेबाबा, कायद्यात तर बसते न? १८ पैकी १२ म्हंजे बरोबर दोन तृतीयांश."

कायद्याचं म्हणाल तर दोन तृतीयांशाचा आकडा त्यात खरंच आहे. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेला पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची जोडली गेली. ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलात, तो आपण होऊन सोडला की सदस्यत्व जातं. अपक्ष निवडून येऊन नंतर पक्षात शिरलात, तरी जातं. सुरुवातीला एक तृतीयांश सदस्य फुटले तर सवलत होती. ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं काढली. दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणाला संमती दिली तर मात्र आजही संरक्षण आहे. २०२२ मध्ये तर शिंदे गटानं विलीनीकरण न करता ‘मूळ पक्ष आम्हीच’ असाच दावा केला आणि वाद आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एकटा गेला तर खुर्ची जाते, जथ्थ्यानं गेले तर राहते, ही तरतूद मला कधीच पटलेली नाही. मतदारानं मत दिलेलं असतं ते एकेका माणसाला आणि त्याच्या पक्षाला.

मोठेबाबा कायद्यात शिरले नाहीत. त्यांनी आपली गोष्ट काढली.

एका वर्षी बोनसचा करार झाला. युनियनच्या वरच्या पुढाऱ्यांनी कामगारांना न विचारताच सही केली होती. मोठेबाबांचं डोकं फिरलं. दुसऱ्या झेंड्याची युनियन त्यांना बोलवत होतीच. कमिटीतले सोबती म्हणाले, "अर्ध्याच्या वर कमिटी आपल्याकडं आहे. पद कायले सोडता? शिक्का, पावतीपुस्तक सारं आपल्याचपाशी आहे."

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळेला मोठेबाबा कँटीनमध्ये गेले. टेबलावर त्यांनी पावतीपुस्तक ठेवलं, शिक्का ठेवला, कपाटाची किल्ली ठेवली. शाईनं निळी झालेली बोटं कपड्याला पुसत ते म्हणाले, "हे मले तुमच्या मतानं भेटलं होतं. मी आता दुसऱ्या झेंड्याखाली चाललो. कावून चाललो, ते सांगतो. पटत असन तर पुन्हा निवडा, नसन पटत तर ज्याले द्याचं त्याले किल्ली द्या."

ड्रॉइंगच्या रद्दी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या फाडल्या गेल्या. ग्रीसचा रिकामा डबा रॉकेलनं धुऊन त्याची पेटी केली. चिठ्ठ्या मोजल्या, तेव्हा मोठेबाबा पडले होते.

"मंग?" पोरानं विचारलं.

"मंग काय? नव्या सेक्रेटरीच्या हातात किल्ली देली आन् लेथवर जाऊन उभा राह्यलो. पण पीएफचा फॉर्म भराचा असो की साहेबाले अर्ज लिहाचा असो, माणसं माह्याचकडं येत. ज्याहीनं मले पाडलं, तेही येत."

"खासदार असं कोण करते, मोठेबाबा?"

"आपल्या रामटेकातच झालं आहे न बाबू."

आणि ते झालं होतं. सुबोध मोहिते १९९९ आणि २००४ मध्ये शिवसेनेकडून रामटेकमधून निवडून आले, वाजपेयी सरकारात मंत्री झाले. २००७ मध्ये त्यांनी शिवसेना सोडली, पण खासदारकीही सोडली आणि काँग्रेसकडून पोटनिवडणुकीत पुन्हा उभे राहिले. शिवसेनेच्या प्रकाश जाधवांनी त्यांना हरवलं. मोहित्यांचं पक्ष सोडणं कुणाला पटो न पटो, ते मतदारांसमोर परत आले आणि निकाल मतदारांनी दिला.

वैदर्भीय माणूस झेंडा बदलणाऱ्याला सरसकट झिडकारतो, असंही नाही. जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉककडून नागपूरचे खासदार झाले, १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसकडून. बनवारीलाल पुरोहितांना नागपूरनं १९८४ आणि १९८९ मध्ये काँग्रेसचे म्हणून निवडलं, १९९१ मध्ये भाजपचे म्हणून पाडलं आणि १९९६ मध्ये भाजपचेच म्हणून पुन्हा निवडलं. दर वेळी प्रश्न मतदारापुढं आला आणि त्यानं उत्तर दिलं. माणसाचं मत बदलू शकतं, पक्षही बदलतात. पण लोकसभेतली ती जागा मतदारांनी विश्वासानं दिलेली असते, आणि ती दुसऱ्या पक्षाकडं न्यायची तर परवानगीही त्यांचीच लागते.

पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मोठेबाबा, मी तर खासदार नाही. माह्यापाशी कोणती किल्ली आहे?"

"मतं कोणी मांगितली होती? दारोदार जाऊन शबूद कोणी देला होता?"

दुसऱ्या दिवशी पत्रकं घरीच ठेवून तो त्याच गल्लीत गेला. म्हातारीच्या ओट्यावर बसून म्हणाला, "आजी, आज मत मांगाले नाही आलो. मागच्या वेळी मी जे बोललो होतो, त्याचं पुढं काय झालं, ते सांगाले आलो." आणि कोण कुठून कुठं गेलं, चिन्ह कुणाकडं राहिलं, आताचा उमेदवार कालपर्यंत कोणत्या पक्षात होता, हे सगळं त्यानं काहीही न लपवता सांगितलं. "मत तुमचं. कोणालेही द्या."

म्हातारीनं आतून पाण्याचा गडवा आणला. "मत मांगाले सारेच येतेत रे. सांगाले कोणी येत नाही. बस, चहा मांडतो."

तो घरोघरी गेला. काहींनी दार लावून घेतलं, दोघा-तिघांनी शिव्या दिल्या, एकानं ‘किती पैसे भेटले’ म्हणून विचारलं. पक्षातल्यांनी त्याला बैठकीला बोलावणं बंद केलं. १९ एप्रिलला मतदान झालं. काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे निवडून आले, पारवे पडले. त्या गल्लीनं कुणाला मत दिलं, हे त्यानं कुणालाच विचारलं नाही.

वाचकहो, पुढच्या निवडणुकीत जो कुणी तुमच्या दारी मत मागायला येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारा: मधेच पक्ष बदललात, तर राजीनामा देऊन आधी आमच्याकडे याल का? उत्तर चार माणसांसमोर घ्या.