जाळीच्या पट्टीवरचे दैव

डिसेंबर १९८८. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मास्टर्स टेनिस स्पर्धेची अंतिम लढत, बोरिस बेकर विरुद्ध इव्हान लेंडल. वर छप्पर, खाली कार्पेट. वारा नाही, पाऊस नाही, डोळ्यांवर येणारे ऊन नाही. पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये बेकर ६-५ असा पुढे होता आणि पुढच्या गुणासाठी ३७ फटक्यांची रॅली रंगली. अखेर बेकरचा बॅकहँड जाळीच्या पांढऱ्या पट्टीला लागला आणि चेंडू लेंडलच्या बाजूला टपकन पडला. सामना संपला. मग जिंकले कोण, बेकर की पट्टी?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, चेष्टा (म्हणजे प्रयत्न) आणि पाचवे दैव. बंदिस्त कोर्ट म्हणजे हे पाचवे कारण दाराबाहेर ठेवण्याचा खटाटोपच. दैव म्हणजे आभाळातून कोसळणारे काहीतरी, ही आपली समजूत त्यामागे असते. पण इथे आभाळच नव्हते. जाळी नियमाने ठरलेल्या उंचीची, दोघांना सारखीच. दैव आले ते बेकरच्याच फटक्यातून, चेंडू केसभर खाली गेला म्हणून. म्हणजे चेष्टा कुठे संपली आणि दैव कुठे सुरू झाले, याची रेघ मारता येत नाही. माझे म्हणणे एवढेच की विजयाचे श्रेय असे तोडून वाटता येत नाही. पाचही कारणे एकाच फटक्यात मुरलेली असतात.

यावर कोणी म्हणेल, दीर्घ काळात नशिबाची फिट्टंफाट होते. लेंडलने १९८० पासून सलग नऊ वर्षे या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि पाच वेळा ती जिंकली. पट्टीने एकदा दगा दिला तर काय बिघडले? पण ही सरासरी झाली, न्याय नव्हे. तो एक गुण लेंडलला कुठल्याही हिशेबात परत मिळालेला नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: दैव असे आतच मुरलेले असेल, तर बेकरचे कर्तृत्व उरले कुठे? त्याला उत्तर रॅलीतच आहे. पट्टीने एक फटका तारला. त्याआधीचे फटके तिने मारले नव्हते. टेनिसमध्ये जाळीला लागून गुण मिळाला की हात वर करून दिलगिरी दाखवायची रीत आहे. गुण मात्र कोणी परत करत नाही. काहींना हा दांभिकपणा वाटतो; मला ती मोठी प्रामाणिक रीत वाटते, कारण खेळाडू त्यात मिळालेले नाकारत नाही आणि ते सगळे आपलेच होते असा आवही आणत नाही.

निकालपत्रात पट्टीचा उल्लेख नाही. तिथे फक्त आकडे आहेत: बेकर विजयी, ५-७, ७-६, ३-६, ६-२, ७-६.