‘स्थानिक’ या शब्दाविषयी

‘आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी’ ही म्हण आपण सहसा दुसऱ्याच्या मूर्खपणासाठी राखून ठेवतो. कर्करोगावरील औषधोपचारास मात्र ती, उपहास वगळला तर, बरीचशी लागू पडत आली आहे. गाठ असते एका जागी आणि औषध भिनते सर्वांगात. केस गळतात, अन्नावरची वासना उडते. म्हणूनच जेथे रोग तेथेच आणि तेवढाच उपाय करता यावा, ही वैद्यकाची फार जुनी आकांक्षा आहे. सुश्रुतसंहितेने अग्निकर्मास क्षारकर्माहून श्रेष्ठ मानले आहे. आपल्याकडे खेडोपाडी दुखऱ्या जागी डाग देण्याची जी रीत होती, तिच्यातील अज्ञान आणि क्रौर्य मान्य करूनही, ती याच आकांक्षेचे एक अडाणी रूप होती असे म्हणावे लागेल.

या आकांक्षेचे आजचे रूप म्हणजे चुंबकीय अब्जांश कणांनी गाठ तापविणे. शिकागोतील गिलख्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली लसीका ग्रंथींच्या बाबतीत ही कल्पना मांडली. पुढे बर्लिनमध्ये आंद्रेआस जॉर्डन यांनी तिला मेंदूतील गाठींच्या उपचारापर्यंत नेले. लोहाच्या ऑक्साइडचे सुमारे १२ अब्जांश मीटर व्यासाचे कण पाण्यात मिसळून सुईने थेट गाठीत सोडतात. त्यानंतर सेकंदाला एक लाख आवर्तने करणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात रुग्णाचे मस्तक ठेवतात. ते क्षेत्र हाडामांसातून आरपार जाते, पण दिशा पालटता पालटता या कणांना तापविते. गाठीतील रक्ताभिसरण अव्यवस्थित असल्याने तिला ही उष्णता सहज बाहेर टाकता येत नाही, आणि तापलेल्या पेशी किरणोपचाराला लवकर बळी पडतात. कल्पना सुंदर आहे, यात शंका नाही. डाग देणारा विळा बाहेर तापवून कातडीवर टेकवावा लागे. येथे कातडी अबाधित राहते आणि विस्तव आतल्या आत पेटतो.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अत्यंत घातक कर्करोगावर जर्मनीत या उपचाराची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. गाठ उलटलेल्या ५९ रुग्णांत, ती उलटल्याचे निदान झाल्यापासूनचे मध्यक आयुर्मान १३.४ महिने आढळले. पूर्वी इतरत्र इतर उपचार घेतलेल्या रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहता हा आकडा जवळजवळ दुप्पट भरतो. पण त्याच चाचणीत, त्याच काळी, हा उपचार न घेतलेला तुलनेचा गट नव्हता. युरोपात या उपचारास मान्यता मिळाली ती निष्कर्ष छापून येण्याच्या आधीच, २०१० साली. ज्या कंपनीने तो बाजारात आणला, तिने २०२२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला.

तथापि मला अस्वस्थ करतात त्या दोन लहान अटी. चुंबकीय क्षेत्रात धातू तापतो, म्हणून उपचाराच्या जागेपासून ४० सेंटिमीटरच्या आतील सर्व धातू आधी काढावा लागतो. दातांत भरलेली चांदी, दातांवरील धातूच्या टोप्या, सारे काही. आणि कण गाठीतच राहत असल्यामुळे त्या भागाचे एमआरआय चित्र पुढे वाचण्याजोगे येत नाही. गाठ वाढली की आटली हे पाहण्याचे उत्तम साधनच रुग्णास गमवावे लागते.

ज्याच्यापाशी वर्ष-दीड वर्षच उरले, त्याने दातांचे काय घेऊन बसावे, असे कोणी म्हणेल. मला हे पटत नाही. जेवणे थोडीच उरली असतील, तर ती आपल्या दातांनी जेवता येण्याचे मोल वाढते, घटत नाही. उष्णता स्थानिक असते, किंमत मात्र सबंध माणसाला मोजावी लागते. आणि ‘स्थानिक’ या आश्वासक शब्दात ती किंमत दिसत नाही. दुसरी बाजूही मी नाकारीत नाही. पुरावा अपुरा आहे एवढ्यावरून मरणोन्मुख माणसाला दारातून परत पाठविणे हेही क्रौर्यच. परंतु तुलनेचा गट न ठेवण्यात जी दया वाटते, तिचे ऋण पुढच्या प्रत्येक रुग्णाच्या माथी बसते: त्याला दात आधी द्यावे लागतात, आणि बदल्यात काय मिळणार हे त्याला कोणीच नेमके सांगू शकत नाही.

माझे थोरले मामा इंदूरला असत. आयुष्यभर हिशेबनीस होते. त्यांच्या मस्तकात गाठ निघाली तेव्हा घरी येणारा प्रत्येकजण विचारी, “गाठ कशी आहे?” एकदा मामा मला म्हणाले, “अरे, माझी चौकशी करायला कुणीच येत नाही.” यात विनोद किती आणि दुखावलेपणा किती, हे तेव्हा मला कळले नाही. प्रत्येक तपासणीची फिल्म ते खिडकीच्या उजेडात स्वतः धरून पाहत. त्यातले त्यांना काही कळत होते असे नाही; पण खातेवही दुसऱ्याच्या हाती सोपवून स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

असा उपचार त्यांच्या वाट्याला येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी तो आला असता तर, या विचारात मी कधी कधी गुंततो. दात त्यांनी बहुधा दिले असते. मामींच्या आग्रहाखातर तरी दिलेच असते. पण यापुढे गाठीचे स्पष्ट चित्र पाहता येणार नाही, असे सांगितल्यावर ते डॉक्टरांना काय म्हणाले असते? मला वाटते, त्यांनी आधी कागद-पेन्सिल मागितली असती, आणि ५९ जणांपैकी प्रत्येकाचे काय झाले, ते एकेक करून विचारले असते.