यादीत आधी कोणाचं नाव?

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



गटात एका ताईंनी विचारलं होतं, "किडनी एक आणि वाट बघणारे अनेक. आता म्हणे एआय डॉक्टरांना सल्ला देणार. म्हणजे माणसाच्या पक्षपातातून सुटका झाली ना?" प्रश्न मोलाचा आहे, म्हणून आजचं चिंतन त्यावरच.

पक्षपात खरा आहे, हे आधी मान्य करू. 1962 च्या सुमारास अमेरिकेतल्या सिॲटल शहरात डायलिसिसची यंत्रं मोजकी आणि रुग्ण पुष्कळ होते. यंत्र कोणाला मिळावं हे ठरवायला सात जणांची समिती बसली. त्यात वकील होते, धर्मोपदेशक होते, एक गृहिणीही होती. सगळी भली माणसं. त्यांनी काय पाहिलं? उत्पन्न, शिक्षण, मुलंबाळं, आणि हो, माणूस चर्चला जातो का तेही! हसू नका. त्या खुर्चीत आपण असतो तर नित्य उपासना करणाऱ्याचं पारडं जड केलं नसतं का? आम्हाला तरी छातीठोक 'नाही' म्हणवत नाही.

मग वाटलं, आकडे निःपक्षपाती असतील. किडनी किती काम करते हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून सूत्राने काढतात. अमेरिकेतल्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांची किडनी कागदावर जास्त चांगली दिसायची आणि ते प्रतीक्षायादीत उशिरा पोचायचे. कितीतरी वर्षं हे चाललं. 2021 मध्ये तज्ज्ञांनी तो गुणक काढायला सांगितलं. 2023 पासून, यादीतल्या अशा रुग्णांचा बुडालेला काळ त्यांना परत जोडून देणं तिथल्या केंद्रांना बंधनकारक झालं. ही चूक सापडली कशी? सूत्र उघड होतं. कोणीही बोट ठेवून विचारू शकत होतं, "हा गुणक इथे का?"

चॅटजीपीटीसारख्या भाषेच्या मॉडेलमध्ये असं बोट ठेवायला जागा नसते. जुन्या लिखाणाच्या डोंगरातून ते पुढचा शब्द शिकलेलं असतं. त्याचा उपयोग नाही असं मुळीच नाही. शेकडो पानांच्या रिपोर्टांचा गोषवारा काढणं, प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमस गोळीबरोबर बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल चालू झालं तर रक्तातली पातळी वाढेल याची आठवण देणं, ही कामं त्याने जरूर करावीत. अर्थात डॉक्टरांनी तपासून. पण जुन्या केसपेपरवर कोणी घाईत लिहिलेलं असतं, 'औषधं नियमित घेत नाही', 'घरी बघायला कोणी नाही'. त्या बाईकडे बसभाड्याला पैसे नव्हते, हे कागदावर नसतं. मॉडेल कागदच वाचणार. कारण विचारलं तर सुबक परिच्छेद लिहून देईल, पण उत्तर खरंच त्याच कारणाने आलं याची हमी नाही. आणि भाषा इतकी गोड की दमलेला डॉक्टर मान हलवून मोकळा होईल. आम्हाला जास्त भीती याची वाटते.

काही साधक म्हणतात, "आपण कर्तेपणा सोडायलाच शिकतोय, मग ठरवू दे की यंत्राला." इथे जरा थांबा. 'मी केलं' हा अभिमान सोडायला सांगितलंय. 'मी उत्तर देईन' हे सोडायला कोणत्या संतांनी सांगितलं? अभिमान सुटला की उलट आपली चूक ऐकून घेणं सोपं जातं. यंत्राकडे बोट दाखवणाऱ्याला ते ऐकावंच लागत नाही.

म्हणून आमचं ताईंना उत्तर असं: यंत्राचा सल्ला फाईलमध्ये असू दे, पण त्याच्या शेजारी डॉक्टरांनी स्वतःचं कारण स्वतःच्या शब्दांत लिहावं. आपल्या 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात याचा नमुना आहे. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तासांचं अंतर असतं, आणि खाली सह्या असतात. नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले असतात. सही करणाऱ्यांपैकी कोणालातरी दार उघडून त्यांच्यासमोर जावं लागतं.