तुरुंगातला हॉर्नर

शेरलॉक होम्सच्या गोष्टी आपल्यापैकी पुष्कळांनी शाळकरी वयात वाचल्या असतील; कोणी मूळ इंग्रजीतून, कोणी भालबा केळकरांच्या मराठी अनुवादातून. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने १९८४ ते १९९४ या काळात याच गोष्टींवर एक मालिका काढली. जेरेमी ब्रेट या नटाने तीत होम्सचे काम केले. एकूण ४१ भाग झाले, आणि कॉनन डॉयलच्या मूळ मजकुराशी इतके इमान राखणारी मालिका क्वचितच झाली असेल. म्हणूनच तिने जेथे मूळ गोष्टीत भर घातली आहे, तेथे थांबून विचार करावासा वाटतो. अशा एका जागेविषयी आज लिहीत आहे. ती जागा क्षमेच्या प्रश्नाशी येऊन भिडते, आणि तो प्रश्न आपल्या घरांत, मंडळीत व रविवारच्या शाळेत नित्य उभा राहणारा आहे.

‘निळे माणिक’ ही गोष्ट प्रथम १८९२ च्या जानेवारीत छापून आली. दिवस नाताळचे. लंडनच्या एका मोठ्या हॉटेलात उतरलेल्या उमराव बाईंचे मौल्यवान रत्न चोरीस जाते, आणि जॉन हॉर्नर नावाच्या प्लंबरला अटक होते. शेगडीची सैल झालेली सळई डाख देऊन बसविण्यासाठी तो त्या दिवशी बाईंच्या खोलीत गेला होता. चोरीच्या गुन्ह्यात त्याला पूर्वी एकदा शिक्षा झालेली. तेवढे न्यायाधीशाला पुरे होते. खटला वरच्या कोर्टाकडे जातो आणि हॉर्नर तेथेच मूर्च्छा येऊन पडतो. खरा चोर असतो हॉटेलातला वरचा नोकर जेम्स रायडर. त्याने ते रत्न एका हंसाला गिळायला लावलेले असते. पुढे हंसांची अदलाबदल कशी होते आणि एका जुन्या हॅटवरून होम्स काय काय ओळखतो, ती गंमत वाचकांनी स्वतःच वाचावी.

शेवटी रायडर होम्सच्या पायांशी लोळण घेतो, आईबापांची आठवण काढून रडतो, पुन्हा असे करणार नाही अशी शपथ वाहतो. होम्स दार उघडतो आणि त्याला जायला सांगतो. हा माणूस पुरता घाबरला आहे, तो पुन्हा या वाटेला जाणार नाही, पण आज तुरुंगात गेला तर जन्माचा तुरुंगवासी होईल. शिवाय दिवस क्षमेचे आहेत, असे त्याचे म्हणणे. वाचताना आपलेही मन भरून येते. मी तर हा प्रसंग नाताळच्या कार्यक्रमात मुलांना कितीदा तरी सांगितला आहे.

पण हॉर्नरचे काय? गोष्टीत त्याची वाट एका वाक्यात लावली आहे. रायडर आता साक्षीला उभा राहणार नाही, तेव्हा खटला कोसळेल, असे होम्स म्हणतो आणि जेवणाकडे वळतो. लक्षात घ्या, हॉर्नर योगायोगाने अडकलेला नाही. त्याचा पूर्वीचा कलंक रायडरला ठाऊक होता, संशय त्याच्यावर सहज बसेल हे हेरूनच त्याला त्या खोलीत आणले होते. रायडरचा मोठा गुन्हा रत्नाची चोरी नव्हे. पडून उठलेल्या एका माणसाला त्याने पुन्हा पाडले, हा आहे. रत्न बाईंना परत मिळणार. हॉर्नरचे नाव त्याला कोण परत देणार? आणि होम्सने जी क्षमा केली, ती मुळात कोणाच्या खात्यातली?

मालिका काढणाऱ्यांनाही हे खटकले असावे. त्यांनी हॉर्नरला बायको दिली, मुले दिली, आणि रायडरला सोडल्यावर भाग तेथेच संपविला नाही. हॉर्नर सुटून आपल्या माणसांत येतो हे त्यांनी शेवटी दाखविले. भर लहानशीच आहे, पण तिने सारा हिशोब पुरा होतो.

खुद्द डॉयललाही पुढे हे उमगले असे दिसते. १९०४ सालच्या ‘अ‍ॅबी ग्रेंज’ या गोष्टीत होम्स कॅप्टन क्रोकरला असाच मोकळा सोडतो. दारूच्या कैफात बायकोचा छळ करणारा नवरा क्रोकरच्या हातून मेलेला असतो. वॉटसनला ज्यूरी करून होम्स घरातच कोर्ट भरवितो. मात्र एक अट घालतो: कायद्याने दुसऱ्या कोणाचा बळी घेतला नाही तोवरच तू माझ्यापासून निर्भय आहेस. बारा वर्षांपूर्वी रायडरला ही अट नव्हती.

योसेफाची गोष्ट आपण मुलांना शिकवितो. फारोचा प्यालेबरदार सुटून आपल्या जागेवर गेला, आनंदात राहिला आणि योसेफाला विसरला. निरपराध योसेफ आणखी दोन वर्षे बंदीत राहिला. प्यालेबरदार काही दुष्ट नव्हता. जक्कयाने मात्र पाहुण्याचा सत्कार करतानाच ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे बोलून दाखविले. घरी तारण आले हे शब्द त्यानंतरचे आहेत.

हे सारे मी परक्या देशातल्या कल्पित गोष्टीच्या निमित्ताने लिहीत असलो तरी त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी रविवारच्या शाळेचा मुख्य होतो. एकदा दानपेटीतले पैसे कमी भरले. ज्या मुलावर सर्वांचा संशय गेला, त्याने आदल्या वर्षी कोणाची तरी पेन्सिल उचलली होती. मी त्याला वर्गासमोर उभे करून विचारले. तो काही बोलला नाही. आठवड्याने दुसराच एक मुलगा, चांगल्या घरातला, रडत माझ्याकडे आला आणि पैसे देऊन गेला. मी त्याच्याबरोबर प्रार्थना केली, कोणाला काही सांगणार नाही असे वचन दिले. त्या रात्री मला फार समाधान वाटले. पहिला मुलगा पुढे येईनासा झाला; अशी घरे टिकत नाहीत, असे आम्ही शिक्षक आपसांत म्हणालो.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. केस पिकलेले, बरोबर नातू. मी त्याला बाजूला घेतले, सारे सांगितले आणि क्षमा मागितली. त्याने माझा हात धरला.

“जाऊ द्या, गुरुजी,” तो म्हणाला. “मी कधीच सोडून दिलं ते. पण आई गेली. तिला शेवटपर्यंत वाटत होतं, पेटीला हात मीच लावला.”