टाळ्यांमधला वाटा

2008-09च्या हिवाळ्यात झी मराठीवर ‘लिटिल चॅम्प्स’ ही मुलांची गाण्याची स्पर्धा लागायची, तेव्हा पुण्यात कितीतरी घरांत जेवणं आधीच उरकलेली असायची. आळंदीची कार्तिकी गायकवाड आणि पुण्याची आर्या आंबेकर तर आपल्याच वाड्यातल्या मुली वाटत. पण रोहित राऊत, प्रथमेश लघाटे आणि सगळ्यांत धाकटी मुग्धा वैशंपायन ही मुलंदेखील परकी राहिली नव्हती. आज त्या कार्यक्रमाचं नाव विचारा, पुष्कळ जण ‘आयडिया सारेगमप’ असंच सांगतील. ‘आयडिया’ ही प्रायोजक मोबाइल कंपनी 2018मध्ये व्होडाफोनशी एकत्र झाली, 2020मध्ये तिचं नावही बदललं. लोकांच्या तोंडी मात्र जुनं नाव अजून आहे.

प्रायोजकत्व लागू पडतं ते असं. साबणाची जाहिरात लागली की आपण पाणी प्यायला उठतो. प्रायोजकाचं नाव मात्र कार्तिकीच्या अभंगाला धरूनच घरात येतं. आनंद दिला त्या मुलीनं, आणि आपल्या कृतज्ञतेतला वाटा नकळत कंपनीलाही मिळाला. 1984मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘हम लोग’ ही मालिका कुटुंबनियोजनाचा विचार लोकांपर्यंत नेण्यासाठी आखलेली होती. तिची प्रायोजक होती तेव्हा बाजारात नवखी असलेली मॅगी. मालिका कधीच संपली. मॅगी आजही आपल्या फडताळात आहे.

पैशाचा मला विटाळ नाही. वादक, ध्वनियंत्रणा, चित्रीकरण यांचा खर्च कुणीतरी उचलायलाच हवा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला, त्याचं ऋण महाराष्ट्राचं संगीत आजही मानतं. कंपनीच्या पैशामुळे आळंदीचा एक कोवळा गळा घरोघरी ऐकू आला असेल, तर तेही चांगलंच झालं.

पण महाराजांनी श्रोत्यांकडून प्रत्येक ‘वाहवा’चे पैसे घेतले नव्हते. या स्पर्धांमध्ये मत द्यायचं ते एसएमएसनं. त्या एसएमएसला पैसे पडत, आणि प्रायोजक होती मोबाइल कंपनीच. मला खुपतं ते इथे. ज्याच्या फोनमध्ये जास्त बॅलन्स, त्याची मतं जास्त. मग सूर कुणाचा लागला हा प्रश्न मागे पडतो. आजी, मामा, सोसायटीतले शेजारी, सगळ्यांनी मायेपोटी मतं पाठवली. त्या मायेची कमाई झाली, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांना आपल्या गाण्याची किंमत मतांच्या आकड्यात कळली. हरलेल्या मुलाला ‘तू कमी गायलास’ असं कुणी म्हटलं नसेल. त्याला वाटलं मात्र तेच असेल.

प्रायोजकानं आपलं नाव ठळक लावावं, हवं तेवढं मिरवावं. मुलांच्या स्पर्धेत मतांचे पैसे मात्र कुणीच घेऊ नयेत. ही अट करार करतानाच वाहिनीनं घालायला हवी. ती घातली जात नाही तोवर आई-वडिलांनी मुलासाठी मतं मागत नातेवाइकांना फोन करू नयेत.